इतर

महिन्याच्या पाच तारखेला वृषाली वही काढते.
सहकारी बँकेनं फुकट दिलेली डायरी,
तारखा गेल्या वर्षीच्या, खर्च या वर्षीचे.
हप्ता. सोसायटी. गार्गीची व्हॅन.
टँकरचं पान वेगळं, कारण धायरीत
नळ बहुतेक दिवस शोभेला असतो.
मग पेन थांबतं
आणि मी चहात बघतो.
"इतर, अठराशे?"

इतर म्हणजे एक खेळ, तलवारी-घोड्यांचा,
अडतीसशेचा सेलमध्ये अठराशेला.
"म्हणजे दोन हजार वाचवले," मी म्हणतो.
"मग ते वाचलेले दोन हजार दाखव," ती म्हणते.

यंत्र तर सेकंड हँडच आहे.
विमाननगरचा एक मुलगा कॅनडाला चालला होता,
त्याच्याकडून घेतलं, चादरीत गुंडाळून
स्कूटरवर पायांमध्ये ठेवून आणलं,
नगर रोडचा एकेक खड्डा चुकवत.
इतकी जपून मी एकदाच गाडी चालवली होती,
गार्गी तीन दिवसांची होती तेव्हा.

आमचा करार तोंडी आहे, पण पक्का.
अकरा ते बारा, शनिवारी साडेबारा.
भांडी घासून झाल्यावर. हेडफोन लावून.
आणि "मध्येच थांबवता येत नाही गं"
हे वाक्य या घरात पुन्हा उच्चारायचं नाही.
एकदा उच्चारलं होतं.
दूध उतू गेलं, त्याबरोबर बरंच काही.

दिवसभर मी चाकणला गिअरचे दात मोजतो.
रात्री तिकडे एक डोंगर असतो,
त्याला कुणी सुपरवायझर नसतो.
चार महिने मी नाणी साठवत होतो,
कोल्हे मारून, मासे विकून,
एका म्हातारीची तीच ती शेळी सात वेळा शोधून देऊन.
एकोणीस हजार सहाशे झाली होती.
काळ्या लोखंडाची तलवार वीस हजारांना.
एवढी शिस्त मी कुठल्या आर.डी.ला दाखवली नाही.

परवा रात्री उघडलं तर थैलीत बेचाळीस नाणी.
आधी वाटलं चोरी, मग वाटलं बिघाड.
मग त्या खेळातल्या माझ्या घराच्या मागे गेलो,
जिथे मी कधी गेलोच नव्हतो,
मारण्यासारखं काही नव्हतं तिथे.
तिथे विहीर होती.
दगडी. रहाट, दोर, बादली, सगळं.

सकाळी गार्गीची वेणी चालू होती.
मी विचारलं. मान न हलवता ती म्हणाली,
"तिथे पाणीच नव्हतं ना, बाबा.
घोडा काय पिणार?
आणि आता टँकरवाल्या काकांना
सारखा सारखा फोन नको करायला."
मी म्हणणार होतो, एकोणीस हजार.
म्हणणार होतो, चार महिने.
वृषालीच्या दातांत रबरबँड होता,
तरी ती हसतेय ते कळत होतं.

रात्री अकराला ती शेजारी येऊन बसली,
पहिल्यांदाच, पाय वर घेऊन.
मी हेडफोन काढले, आवाज बारीक केला,
घोड्याला विहिरीवर नेलं.
कोल्हा आला नाही. म्हातारीही नाही.
घोडा नुसता पाणी पीत राहिला
आणि आम्ही दोघं ते बघत राहिलो,
आतल्या खोलीत गार्गी कूस बदलत होती.
"किती खोल आहे?"
"माहीत नाही."
"मग बादली सोड ना."

रहाट कुरकुरत फिरत होता, दोर संपत नव्हता.
बारा कधीच वाजून गेले होते.
आणि शनिवारही नव्हता.